वीतभर सापाचं वय

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस लागला की आपल्या मिरज-तासगावकडं सर्पमित्रांचे फोन वाजायला लागतात. पलीकडून हमखास ऐकू येतं, "लहानच आहे हो, पिल्लू दिसतंय." पिल्लू कशावरून? लांबीवरून. गफलत होते ती तिथंच.

अमेरिकेच्या आग्नेय भागातला कॉर्न स्नेक घ्या. बिनविषारी, शांत साप. जगभर हौसेनं पाळतात, म्हणून त्याची वाढ लोकांनी जवळून पाहिली आहे. (आपल्याकडचे साप पाळायला मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्याची बंदी आहे, हे जाता जाता.) अंड्यातून निघतो तेव्हा २० ते ३० सेंटिमीटर. आठ-दहा दिवसांनी पहिली कात टाकतो, मगच खाण्याकडं वळतो. इथून भावंडांच्या तऱ्हा सुरू होतात. एक जण लव न फुटलेलं उंदराचं पिल्लू समोर ठेवताच गिळतो. दुसरा तोंड फिरवतो. त्याला सरडा किंवा पाल हवी, कारण रानात या वयात तो तेच खातो. हा आठवडेच्या आठवडे उपाशी काढतो. मरत नाही, पण वाढतही नाही. वर्षानं दोघांना शेजारी ठेवलं तर एक दुसऱ्याच्या दुप्पट भरू शकतो. एकाच सरीतला ऊस पाटाच्या तोंडाला कसा असतो आणि शेवटाला कसा, तसंच.

शिवाय ऊब. साप अंगची ऊब बाहेरून घेतो. गारठ्यात खाल्लेलं पचत नाही, मग ओकून टाकतो. लवकर मोठा व्हावा म्हणून त्याला कोंबून खायला घालणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

आणि कात मोजून वय काढू नका. वाढतं पिल्लू महिना-दीड महिन्याला कात टाकतं, थोराड साप वर्षातून मोजक्या वेळा. टाकलेली कात ताणली जाते, त्यामुळं ती सापापेक्षा लांबच भरते.

आता आपल्या अंगणात या. कुंडीच्या ओल्या मातीत वळवळणारा, गांडुळासारखा वाळा म्हणजे कुणाचं पिल्लू नव्हे. तो पूर्ण वाढलेला असूनही वीतभरच असतो. त्यातल्या साऱ्या माद्याच. नराशिवाय अंडी घालतात. बिचारा उगीच चपलेखाली जातो.

उलट घोणशीचं पिल्लू. घोणस अंडी न घालता थेट पिल्लं देते, तीही वीत-सव्वा वीत लांब, आणि पहिल्या दिवसापासून विषारी. पाचट ओढताना असं पिल्लू सापडतं आणि कुणीतरी "अजगराचं आहे" म्हणत उचलायला जातो. पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या रांगा दिसल्या तर हात मागं घ्या. खात्री नसली तरी मागंच घ्या. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक लावा आणि माणूस येईपर्यंत लांबूनच लक्ष ठेवा. चावलाच, तर चिरा देणं, आवळून बांधणं नको. चावलेला हात-पाय न हलवता थेट सरकारी दवाखाना गाठा. नमस्कार.