डॉकर म्हणतो "चालू आहे", पण सर्व्हिस खरंच चालतेय का?

डॉकर म्हणजे प्रत्येक ॲप कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर. डॉकर पीएस मारलं, म्हणजे चालू कंटेनरची यादी मागवली, सगळ्यांपुढे 'अप' दिसलं, टर्मिनल बंद. बऱ्याच जणांचं होम सर्व्हरचं मॉनिटरिंग इथेच संपतं. आणि नेमकं त्याच वेळी मोबाइलवर फोटोंचं ॲप उघडायला जावं तर नुसतं चक्र गरगरत बसलेलं असतं. कारण 'अप' म्हणजे फक्त एवढंच की कंटेनरमधली मुख्य प्रोसेस अजून मेलेली नाही. ती डेटाबेसशी बोलतेय का, डिस्कवर लिहू शकतेय का, याचा डॉकरला त्यावरून पत्ता नसतो.

ग्राफाना-प्रोमिथियसचा मोठा डॅशबोर्ड आज मी मुद्दाम दाखवणार नाहीये. दिसतो भारी, मान्य आहे, पण दहा-बारा कंटेनर चालवणाऱ्याला आधी ग्राफ नको असतात, काय बंद पडलंय ते वेळेवर कळायला हवं असतं. ग्राफ नंतर, "का बंद पडलं" ते शोधायला.

म्हणून सुरुवात करायची अपटाइम कुमापासून, म्हणजे सर्व्हिस चालू आहेत का ते तपासून बंद पडली की मेसेज करणाऱ्या टूलपासून. ओपन सोर्स आहे, एका कंटेनरमध्ये चालतं, ब्राउझरमध्ये पोर्ट ३००१ वर उघडतं. यात बहुतेक जण काय करतात, तर सर्व्हिसचा यूआरएल टाकतात, २०० हा 'सगळं ठीक' सांगणारा कोड आला की हिरवं, झालं. आता २०० तर नुसतं लॉगिन पेज आलं तरी मिळू शकतं, मागे डेटाबेस झोपलेला का असेना. त्यामुळे ॲपने तब्येत सांगण्यासाठी दिलेला पत्ता असेल तर तो वापरा. सिनेमे-गाणी दाखवणाऱ्या जेलीफिनला स्लॅश हेल्थ आहे, पासवर्ड ठेवणाऱ्या व्हॉल्टवॉर्डनला स्लॅश अलाइव्ह आहे. फाइली ठेवणाऱ्या नेक्स्टक्लाउडचं स्टेटस डॉट पीएचपी तर छान जेसन, म्हणजे नीट मांडलेला मजकूर देतं आणि त्यात मेंटेनन्स ट्रू की फॉल्स तेपण लिहिलेलं असतं, मग कुमामध्ये कीवर्ड मॉनिटर लावून मेंटेनन्स फॉल्स हा मजकूर शोधायचा, म्हणजे अपडेट अर्धवट राहून नेक्स्टक्लाउड मेंटेनन्स मोडमध्येच अडकलं तर लगेच कळेल.

[स्क्रीनवर: कुमाचा कीवर्ड मॉनिटर]

आता डॉकरचा स्वतःचा हेल्थचेक. हा असतोच की, मग कुमा कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर हेल्थचेक म्हणजे कंटेनरच्या आत ठरावीक वेळाने चालणारी एक कमांड. काही सेटिंग दिलं नाही तर दर ३० सेकंदांनी चालते आणि लागोपाठ ३ वेळा फेल झाली की कंटेनर 'अनहेल्दी' होतो. बरं, मग पुढे काय होतं? काहीच नाही! साधं डॉकर असेल तर नुसतं लेबल बदलतं. 'रीस्टार्ट अनलेस स्टॉप्ड' लिहून आपण निर्धास्त असतो, पण ती पॉलिसी प्रोसेस बंद पडली तरच कामाला येते, प्रोसेस लटकलेली असेल तर ती ढिम्म हलत नाही. अनहेल्दी झालेला कंटेनर आपोआप रीस्टार्ट करायला ऑटोहील नावाचा वेगळा कंटेनर मिळतो, पण त्याला डॉकर सॉकेट, म्हणजे डॉकरला हुकूम सोडायचा रस्ता, द्यावं लागतं आणि सॉकेट देणं म्हणजे जवळपास रूटच, मशीनचा पूर्ण ताबाच दिल्यासारखं, तेव्हा विचार करून. मी शक्यतो नाही लावत, कारण दर तासाला गुपचूप रीस्टार्ट होणारी सर्व्हिस बरी झालेली नसते, फक्त आपल्याला दिसत नसते.

आणि हो, कमांड कंटेनरच्या आत चालते हे विसरू नका. हेल्थचेकमध्ये कर्ल, म्हणजे वेब पत्ता उघडून बघणारी कमांड, लिहिलंय आणि इमेजमध्ये कर्लच नाही, तर ॲप ठणठणीत असूनही अनहेल्दीच दिसणार.

आता मुख्य गोष्ट. कुमा त्याच सर्व्हरवर ठेवलंय? मग सर्व्हर गेला की कुमाही गेलं, मेसेज पाठवणार कोण? वर नोटिफिकेशनसाठी एनटीएफवाय पण त्याच मशीनवर होस्ट केलेलं असेल तर आनंदच आहे. म्हणजे घराला आग लागल्याची वर्दी द्यायला ठेवलेला माणूस त्याच घरात कुलूपबंद! कुमा दुसऱ्या एखाद्या छोट्या मशीनवर टाका, जुना रास्पबेरी पाय पण चालतो. तरीही घरची लाइट किंवा इंटरनेट गेलं तर दोन्ही एकदम जाणार. म्हणून निदान एक तपासणी घराबाहेर हवी, आणि ती उलट्या दिशेने हवी. बाहेरून कुणी आत डोकावण्यासाठी पोर्ट उघडायचं नाही, आपल्या सर्व्हरनेच दर पाच मिनिटांनी बाहेर हजेरी लावायची. हजेरी चुकली की बाहेरची सर्व्हिस आपल्याला मेसेज करते. हेल्थचेक्स डॉट आयओ अगदी हेच करतं, आणि इथे लागतो फक्त एक क्रॉन जॉब, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप चालणारं काम, आणि एक कर्ल.

हीच हजेरी बॅकअपला लावा, तिथे तर ती सगळ्यात जास्त गरजेची आहे. बॅकअप बंद पडला तर कुठलंही पेज लाल होत नाही, सगळं मजेत चाललेलं दिसतं, आणि कळतं कधी, तर डिस्क गेल्यावर. बॅकअपच्या कमांडनंतर दोन अँपरसँड टाकून मग कर्ल लिहा. सेमीकोलन टाकलात तर बॅकअप फेल झाला तरी हजेरी लागणार, म्हणजे मॉनिटरिंग असून नसल्यासारखं.

मशीनकडे बघताना रॅमची फार चिंता नको. लिनक्स मोकळी रॅम कॅशसाठी वापरतं, त्यामुळे 'फ्री'चा आकडा कमीच दिसतो, बघायचा तो 'अव्हेलेबल'चा. खरा घात होतो डिस्क भरल्याने. डॉकरच्या नेहमीच्या जेसन फाइल लॉगला साइजची मर्यादाच नसते, एखादा बडबड्या कंटेनर जीबीच्या जीबी लॉग लिहून ठेवतो आणि मग डेटाबेस लिहिणं थांबवतो. डॉकरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, डिमन डॉट जेसनमध्ये, मॅक्स साइज आणि मॅक्स फाइल टाका, डॉकर रीस्टार्ट करा, पण जुन्या कंटेनरना ते आपोआप लागू होत नाही, ते पुन्हा तयार करावे लागतात. जागा शिल्लक असून "नो स्पेस" येत असेल तर डिस्कची जागा दाखवणाऱ्या डीएफ कमांडला डॅश आय लावून बघा, आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदींसाठीच्या जागा, संपलेले असू शकतात.

डिस्कच्या तब्येतीचंही तेच. डिस्क तपासणारी स्मार्टसीटीएल कमांड 'पास्ड' म्हणाली की खूश होऊ नका, मरायला टेकलेली डिस्कसुद्धा पास्ड दाखवते कधीकधी. साटा डिस्कवर अॅट्रिब्यूट ५, १९७ आणि १९८ बघा, म्हणजे बदललेले, अडकलेले आणि वाचताच न येणारे सेक्टर. आकडा शून्याच्या वर जाऊन वाढत राहिला तर नवीन डिस्क शोधायला लागा. हे रोज हाताने कोण बघणार, म्हणून स्क्रुटिनी लावा, ते आकडे साठवतं आणि अलर्टही पाठवतं.

अलर्ट मात्र जपून. कुमामध्ये रीट्राय दोन-तीन ठेवा, नाहीतर राउटर जरा अडखळला की पंधरा मेसेज येतील आणि आठवड्याभरात तुम्ही तो ग्रुप म्यूट कराल. सगळंच एकदम लाल झालं तर आधी डीएनएसवर, म्हणजे नावावरून आयपी शोधून देणाऱ्या यंत्रणेवर, संशय घ्या, विशेषतः घरात जाहिराती अडवणारा पाय-होल असेल तर. त्यासाठी एक मॉनिटर नावाऐवजी थेट आयपीवर ठेवा, तो हिरवा आणि बाकी लाल म्हणजे चोर सापडला.

सेटअप झाला की टेस्टचं बटण दाबून समाधान मानू नका. एक कंटेनर डॉकर पॉज करा, स्टॉप नाही, पॉज, म्हणजे प्रोसेस जिवंत पण गोठलेली. आणि फोनवर मेसेज यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. आलाच नाही तर कमेंटमध्ये तुमची कंपोज फाइल, म्हणजे कंटेनरची सेटिंग लिहिलेली फाइल, टाका, पासवर्ड काढून हां, बघू कुठे अडकलंय.