मीकली: मुकाट्यानं म्हणजे नक्की कसं?

नमस्कार श्रोतेहो. आजचा इंग्रजी शब्द आहे 'मीकली'. स्पेलिंग घ्या: एम, दोन ई, के, आणि पुढं एल, वाय. पुन्हा एकदा, मीकली. डिक्शनरीत 'नम्रपणे', 'सौम्यपणे' असे अर्थ दिसतील. ते चुकीचे नाहीत. पण आज हा शब्द ज्या ढंगानं वापरतात, त्याला आपलं 'मुकाट्यानं' किंवा 'निमूटपणे' जास्त जवळचं. वाद नाही, उलट उत्तर नाही, सांगितलं ते ऐकलं.

आता आमच्या थोरल्या मामांची गोष्ट. खानापूर तालुक्यातलं गाव, मावसबहिणीचं लग्न. मामा तालमीतला गडी, आवाज असा की ध्वनिक्षेपकाची गरज नाही. लग्नाच्या सकाळी कुणीतरी त्यांच्या हातात पत्रिका दिली आणि घोटाळा झाला. मामांच्या यादीत बाकी सगळे मामा, थोरल्यांचंच नाव गायब! (हल्ली पत्रिकेत प्रेषक, निमंत्रक, व्यवस्थापक, किलबिल, एवढी नावं असतात की नवरानवरी शोधावी लागतात. माझं मत विचाराल तर चार ओळींची पत्रिका पुरे. असो.)

मामा तडक मांडवाबाहेर गेले आणि आपल्या राजदूत मोटारसायकलवर जाऊन बसले. "मी अक्षता टाकत नाही, जावा!" मावशीचे यजमान गेले, हात जोडून आले. गावचे पंच गेले. भटजी घड्याळ बघत स्वतः गेले. मामा किकवर पाय ठेवून तसेच. मंगलाष्टकं तोंडावर आलेली, नवरदेव घामाघूम.

मग आमची आजी उठली. उंचीनं मामांच्या खांद्याला सुद्धा लागत नव्हती. पदर खोचत गाडीजवळ गेली आणि एवढंच म्हणाली, "उतर खाली. मुहूर्त टळतोय."

मामा उतरले. "व्हय आये," म्हणाले. गाडी स्टँडला लावली, किल्ली काढली आणि कुणी मागितली नसताना आजीच्या हातात ठेवली. मांडवाच्या दारात चपला काढल्या, आणि पोराटोरांच्या रांगेत उभं राहून तांदळाची मूठ घेतली. माझ्या शेजारी बेळगावच्या कॅम्पातले एक इंग्रजीचे मास्तर बसले होते. ते हळूच म्हणाले, "बघ, ही केम डाउन मीकली."

आता ऐका, मामा काही नम्र माणूस नव्हेत. त्याच संध्याकाळी आहेराच्या वेळी त्यांनी असा आवाज लावला की आचारी भांडी टाकून बाहेर आला. पण त्या एका क्षणी गाडीवरून उतरणं, ते मीकली. शब्द उतरण्याला लागतो, अख्ख्या माणसाला नव्हे. हे लक्षात ठेवा, शब्द क्रियेला लागतो. माणसाच्या स्वभावाबद्दल बोलायचं तर नुसतं 'मीक' म्हणा.

हा 'मीक' इंग्रजीत आला उत्तरेकडच्या जुन्या नॉर्स भाषेतून, तिथं मूळ शब्दाचा अर्थ मऊ, लवचीक. बायबलमध्ये येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात मीक लोकांना धन्य म्हटलंय, म्हणजे तिथं ते कौतुकच. आज मात्र त्यात बरेचदा किंचित टोमणा असतो. टीम लढत न देता हरली की इंग्रजी पेपरात 'सरेंडर्ड मीकली' येतं. (आणि हरल्यावर खेळपट्टीला दोष देणारे कॅप्टन मला मुळीच आवडत नाहीत.)

आता 'हंबली' वेगळा. हंबली आपण स्वतःबद्दल आदरानं म्हणतो, मीकली बहुतेक दुसऱ्याकडं बघून म्हणतो. म्हणून कॉलेजच्या पोरांनो, रजेच्या अर्जात 'आय हंबली रिक्वेस्ट' चालेल, 'आय मीकली रिक्वेस्ट' लिहू नका. प्रिन्सिपॉलसाहेब रजा देतील, पण आधी स्टाफरूममध्ये वाचून दाखवतील. नमस्कार.