रविवारचं जेवण, विमानाने

(बिजासन टेकडी, संध्याकाळ)
देवीचं दर्शन झालं की इंदूरकर कठड्याशी येऊन उभा राहतो. हातात कचोरीचा द्रोण, समोर देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ. मुंबईचं विमान उतरायला लागलं की मोबाइल वर होतात. मधेच फ्लाइंग क्लबचं इवलंसं सेसना घिरट्या घालून जातं, त्याच्याकडे मात्र कुणी बघत नाही. आपण बघू या. अमेरिकेत एवढ्याच विमानातून लोक सुट्टीच्या दिवशी जेवायला जातात.

(लाँग बीच, कॅलिफोर्निया. सकाळ)
ही ताई इंदूरच्या रामबागेतली. इथे नोकरी करते आणि रविवारी सेसना 172 भाड्याने घेते. एक इंजिन, चार सीट. हे मॉडेल 1956 पासून चालत आलंय. आजचा बेत कॅटालिना बेटाचा, किनाऱ्यापासून साधारण 35 किलोमीटर.

(हात, जवळून)
हा पेला नीट बघा. पंखाखालच्या झडपेला तो टेकवून दाबला की थोडं पेट्रोल आत उतरतं. रंग निळसर हवा. तळाशी पाण्याचा थेंब दिसला, तर ओतायचं आणि पुन्हा काढायचं, थेंब दिसेनासा होईपर्यंत. मग शिडीवर चढून टाकीत काठी बुडवायची, कारण इंधनाच्या काट्यावर कुणी भरवसा ठेवत नाही. प्रोपेलरच्या पात्यावरून बोट फिरवायचं, कुठे टवका तर उडाला नाही ना. पंखाच्या हलत्या फळ्या हाताने वरखाली करून बघायच्या. आपल्याकडे एवढ्यात पोह्यांच्या दोन प्लेटी झाल्या असत्या.

शेवटी वजन. चार सीट म्हणजे चार माणसं, असा हिशेब इथे नसतो. टाकी भरली की बहुधा एकाला खालीच राहावं लागतं.

(समुद्रावर)
अंगात लाइफ जॅकेट. ताई आधी उंची कमावून घेते. इंजिन बंद पडलंच, तर हवेत तरंगत कुठला तरी किनारा गाठता यायला हवा.

(धावपट्टी समोर)
दोन डोंगरमाथे छाटून, मधली दरी भरून ही पट्टी केली. उंची 1602 फूट, लांबी सुमारे 3000 फूट. इंदूरची पट्टी हिच्या जवळपास तिप्पट लांब आहे. मधोमध उंचवटा, त्यामुळे टेकताना पलीकडचं टोक दिसतच नाही. पट्टी संपली असं वाटून नवखा करकचून ब्रेक मारतो. 2019 मध्ये अमेरिकी नौदल आणि मरीनच्या जवानांनी ती काँक्रीटची केली. आता आम्ही गप्प बसतो. लँडिंग बघा.

(विमानतळाची इमारत)
जेवणाचं चित्रीकरण जेमतेम आहे, कॅमेरावाल्यालाही भूक होती. ठिकाण नावाजलेलं आहे बायसन बर्गरसाठी. ताई शाकाहारी, तिचं फ्राइज आणि कॉफीवर भागलं. तिकडे या हौसेला ‘शंभर डॉलरचा हॅम्बर्गर’ म्हणतात. आता तेवढ्यात तासभर विमान मिळणंही मुश्कील. त्या निळ्या पेट्रोलमध्ये शिसं असतं, आवाजाचा त्रास शेजाऱ्यांना होतो. त्यावरून तिकडे वाद चालू आहेत.

(माळव्याचा नकाशा)
इंदूर ते रतलाम सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. सेसनाला अर्धा तास. रतलामजवळ बंजलीला धावपट्टी आहे, उज्जैनजवळ दताण्याला आहे. तेच पेट्रोल पूर्वी परदेशातून यायचं, 2022 पासून आपल्या शेजारी वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनतं. खासगी परवान्याला 40 तासांचं उड्डाण लागतं, तिकडेही आणि इकडेही. मग अडतं कुठे? तिकडे स्वच्छ हवेत, नजरेच्या भरवशावर उडायचं तर फ्लाइट प्लॅन देणं सहसा सक्तीचं नसतं. इकडे फ्लाइट प्लॅन, हवाई संरक्षणाचा क्लिअरन्स नंबर आणि सरकारी पट्टीवर उतरायची परवानगी. सुरक्षेची कारणं आहेत, मान्य. पण अर्ध्या तासावरच्या गरम शेवेसाठी एवढी कागदपत्रं? आणि उतरल्यावर पट्टीशेजारी चहा विकायला कुणी बसावं, तर रविवारी चार विमानं तरी यायला हवीत ना!

(रामबाग, ताईचं घर)
बाबांना रतलामला न्यायचा ताईचा बेत पक्का आहे. त्यासाठी आधी अमेरिकी परवाना इथल्या नियमांत बसवून घ्यायला हवा. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, परीक्षेची पुस्तकं घरी येऊन पडली आहेत. सध्या ती बाबाच वाचतात, पेन्सिलने खुणा करत.