फवारणीचा हंगाम आणि आमच्या घरची परिचारिका

उपस्थित ग्रामस्थ, भगिनी आणि रुग्णालयातील सहकारी हो, माझ्या पत्नीच्या प्रथम पुण्यस्मरणानिमित्त मी तिच्याविषयी बोलावे, असा आपण आग्रह धरलात. तिच्या स्वभावाचे गोडवे गायलेले तिला आवडले नसते. म्हणून तिच्या कामाविषयीच, त्यातही फवारणीच्या हंगामातील कामाविषयी सांगतो, कारण मला ती खरी उमगली ती तिथेच.

२०१७ चा पावसाळा यवतमाळ जिल्हा विसरणार नाही. कपाशी माणसाच्या खांद्याला लागली होती, फवारा तोंडावर, अंगावर येत होता, आणि त्या हंगामात विषबाधेने जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. रुग्ण आला की डॉक्टर अॅट्रोपिन, म्हणजे या विषावरचे उताऱ्याचे औषध, सुरू करीत. त्याच वेळी ही हातमोजे चढवून रुग्णाचे भिजलेले कपडे उतरवी आणि केसांपासून नखांपर्यंत त्याला साबणाने धुऊन काढी, कारण कीटकनाशक कातडीतूनही अंगात भिनत राहते. मग थोड्या थोड्या वेळाने ती त्याच्या काखेत हात घालून पाही. काख कोरडी झाली आणि छातीतली घरघर थांबली, की औषध लागू पडले असे समजायचे, हे तिने नव्या मुलींना शिकवले. औषधाचा अंमल वाढला की रुग्ण बरळतो, चादर ओढतो, हवेत चाचपडतो. ते पाहून घरचे लोक बाहेरची बाधा समजून हबकून जात. त्यांच्यावर ती कधी खेकसली नाही. "औषधाचा अंमल आहे बाई, उतरते तो. तुम्ही त्याचा हात धरून बसा," एवढेच म्हणे.

घरी परतल्यावर ती आधी न्हाणीत जाई. लेकरे दाराशी ताटकळत, पण अंघोळीपूर्वी तिने कोणाला जवळ घेतले नाही. पोळा ऐन फवारणीच्या दिवसांत येतो, त्यामुळे आमच्याकडे पुरणाचा स्वयंपाक बहुधा दुसऱ्या दिवशीच होई. धाकटी त्यावरून रुसे. तिला ती उपदेश करीत नसे. मांडीशी घेऊन केस विंचरीत बसे. नोकरी आणि संसार यांचा तोल तिने लीलया सांभाळला, असे लोक म्हणतात. मला ते पटत नाही. तिची दोन्हीकडून ओढाताण झाली, झोप मोडली, ती थकली आणि कधी चिडलीही, तरी पाळीवर गेली. मला तिच्याविषयी आदर वाटतो तो यासाठी.

निवृत्तीनंतर बचत गटाच्या बैठकांत ती दोन गोष्टी पुनःपुन्हा सांगे: फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका, आणि रुग्णासोबत फवारणीच्या औषधाचा डबा आणा, म्हणजे कोणते विष आहे हे डॉक्टरांना शोधत बसावे लागणार नाही. मागच्या हंगामात आपल्याच गावच्या एका रुग्णाच्या भावाने डबा पिशवीत घालून नेला होता, असे मला डॉक्टरांनी सांगितले. यंदाची फवारणी तोंडावर आली आहे. ज्यांच्या घरी पंप आहे त्यांनी डब्यावरचा कागद फाडू नये, एवढी विनंती मी तिच्या वतीने करतो.