सोमवारचा गोषवारा

(दृश्य: अभिलेख कक्ष, रॅकवरचे बस्ते)

लाल कापडात बांधलेले हे बस्ते एका तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातले आहेत. प्रत्येक बस्त्याच्या चिठ्ठीवर गावाचे नाव, वर्ष आणि अभिलेखाचा वर्ग लिहिलेला दिसतो. अ वर्गातील कागद कायम जतन करायचे, ब वर्गातील 30 वर्षे, क वर्गातील 10 वर्षे, क-1 वर्गातील 5 वर्षे आणि ड वर्गातील कागद वर्षभरानंतर नष्ट करायचे, ही वर्गवारी महसूल खात्यात प्रत्येकाला पाठ असते. तरीही हा कक्ष असा दिसावा म्हणून येथील कर्मचाऱ्यांना सुटीच्या दिवशीही राबावे लागले, कारण मधल्या काळात बस्ते सोडले गेले ते पुन्हा बांधलेच गेले नाहीत.

(दृश्य: लिपिकाचे टेबल)

या टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावलेले आहेत. पहिल्यात सध्या काम चालू असलेली, म्हणजे बैठकीवरील प्रकरणे आहेत. दुसऱ्यात प्रतीक्षाधीन, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून उत्तर यायचे म्हणून थांबलेली प्रकरणे, तिसऱ्यात नियतकालिके, म्हणजे ठरावीक तारखेला वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवायचे अहवाल, चौथ्यात स्थायी आदेशांच्या संचिका, पाचव्यात अभिलेख कक्षाकडे जाणारी निकाली प्रकरणे आणि सहाव्यात नष्ट करायचे कागद. यांतला दुसरा गठ्ठा नीट पाहावा, कारण दिरंगाईला आसरा मिळतो तो तेथेच. ‘अहवाल मागविला आहे’ एवढी टिपणी लिहून संचिका प्रतीक्षाधीन केली, की ती कोणाच्याच नावावर थकीत दिसत नाही आणि अर्जदार मात्र खेटे घालत राहतो. येथे प्रत्येक प्रतीक्षाधीन संचिकेवर पुढच्या स्मरणपत्राची तारीख पेन्सिलीने टाकलेली आहे, आणि ती तारीख उलटली की नाही हे लिपिकाखेरीज आणखी कोणीतरी पाहते.

(दृश्य: कार्यविवरण नोंदवहीचे पान, जवळून)

ते कसे, हे या पानावर दिसते. दर सोमवारी प्रत्येक लिपिक आपल्या कार्यविवरण नोंदवहीचा, म्हणजे आपल्याकडे आलेल्या प्रकरणांची नोंद असलेल्या वहीचा, गोषवारा काढतो: मागील शिल्लक किती, आठवड्यात आलेली प्रकरणे किती, निकाली किती निघाली, उरली किती, आणि उरलेल्यांपैकी जुनी किती. अव्वल कारकून आकडे ताडून पाहतात, नायब तहसीलदार सही करतात आणि नोंदवही तहसीलदारांच्या टेबलावर जाते. एका जुन्या प्रकरणाभोवती हिरव्या शाईने वर्तुळ काढून त्यांनी ‘संचिकेसह चर्चा करा’ असा शेरा लिहिला आहे. पुढच्या सोमवारच्या पानावर त्याच प्रकरणासमोर निकालाची तारीख पडलेली आहे. नव्या रॅकचे, रंगवलेल्या भिंतींचे आणि उद्घाटनाच्या फितीचे छायाचित्र कोणत्याही कार्यालयात मिळते. लागोपाठची अशी दोन पाने मात्र मुद्दाम शोधावी लागतात, आणि कार्यालयाचा प्रमुख बदलाच्या मागे उभा आहे की नाही हे आम्ही याच पानांवरून ठरवतो.

दप्तर शिस्तीत ठेवण्याच्या या विषयाची महाराष्ट्राला ओळख फार पूर्वीच झाली. 1980 च्या दशकात अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी नागरिकांची सोय डोळ्यांपुढे ठेवून दप्तराची मांडणी आणि कामाची पद्धत नव्याने बसवली, आणि ‘लखिना पॅटर्न’ हा शब्द राज्यभर सरकारी कार्यालयांत रुळला. पुढे 2005 च्या बदल्या व विलंब प्रतिबंध कायद्याने सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ राहू नये, असे बंधन घातले. त्यानंतरही पुणे विभागाचे तत्कालीन आयुक्त चंद्रकांत दळवी यांना ‘झिरो पेंडन्सी’ची, म्हणजे एकही प्रकरण थकीत न ठेवण्याची, मोहीम हाती घ्यावी लागली, आणि 2025 मध्ये राज्य शासनाच्या शंभर दिवसांच्या कार्यक्रमात कार्यालयांच्या साफसफाईला पुन्हा स्थान द्यावे लागले. यांतला प्रत्येक प्रयत्न प्रामाणिक होता, याविषयी आम्हाला शंका नाही. पण एकच दप्तर पुन्हा पुन्हा आवरावे लागते, याचा अर्थ पद्धत ठाऊक असूनही ती रोज वापरली जाते की नाही हे पाहणारी नजर मध्येच हलते, असाच घ्यावा लागतो.

(दृश्य: दप्तर तपासणी)

ती हलण्याचे एक कारण उघड आहे. 2005 च्या त्याच कायद्याने पदावधी सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा ठरवला आहे, आणि प्रत्यक्षात अनेक अधिकारी त्याआधीच बदलून जातात. येथे दप्तर तपासणीतले शेरे वेगळ्या वहीत उतरवले जातात आणि त्यांची पूर्तता झाल्याशिवाय शेरा बंद होत नाही, त्यामुळे साहेब बदलले तरी कर्मचाऱ्यांना ‘आता नवे साहेब काय म्हणतात ते पाहू’ असे म्हणत थांबता येत नाही. वारस नोंदी आणि दाखल्यांसाठी आलेल्या माणसांच्या फेऱ्या त्यामुळे कमी झाल्या आहेत.

कार्यभार सोपवताना शिक्के, किल्ल्या आणि वाहनाची नोंदवही यांची यादी काटेकोरपणे केली जाते. त्याच यादीत मागील तीन महिन्यांचे गोषवारे आणि पूर्तता न झालेले तपासणीचे शेरे जोडणे बंधनकारक करावे, आणि नव्या तहसीलदारांनी पहिल्या महिन्यात त्यांवर काय केले याची तपासणी प्रांताधिकाऱ्यांनी स्वतः कार्यालयात येऊन करावी. त्यासाठी नवा निधी लागत नाही आणि नवे पदही लागत नाही.