खुलासा कुठल्या पानावर?

(ड्रोन शॉट, मार्केट यार्ड, सकाळ)

बातमीत चूक कशी शिरते आणि तिचा खुलासा, म्हणजे दुरुस्ती, कुठं लागते, ते आज बघू. हे वरून लालभडक दिसतंय ते सगळं कांदा आहे. सोलापूरचं मार्केट यार्ड, सिद्धेश्वर कृषी उत्पन्न बाजार समिती. डिसेंबर-जानेवारीत इथं रोज शेकडो गाड्या लागतात, आवक फारच झाली तर लिलाव बंद ठेवून आधी पडलेला माल हलवायची वेळ येते. ड्रोन उडवायला परवानगी मिळाली म्हणून हा शॉट जरा लांब ठेवलाय, चालवून घ्या.

आता खाली येऊ. आडत्याच्या गाळ्यासमोर गोण्या फोडल्यात, ढीग केलेत. एका ढिगाला इथं एक वक्कल म्हणतात. खरेदीदार काय करतोय बघा. ढिगाच्या वरचा कांदा तो घेतच नाही, हात कोपरापर्यंत आत घालतो आणि खालचा काढतो. अंगठ्यानं मान दाबतो, मान मऊ लागली म्हणजे माल ओला, टिकणार नाही. मग पत्ती, म्हणजे वरचं साल, चोळून बघतो, सुटली की भाव खाली. कोंब दिसला तर बोलणंच संपलं. हे सगळं दहा-पंधरा सेकंदात, आणि तेवढ्यात शेतकऱ्याच्या चार महिन्यांचा निकाल. शेजारच्या ढिगाला वेगळा भाव, तो ढीग त्याच शेतातला असला तरी.

संध्याकाळी समितीच्या कागदावर तीन आकडे येतात. कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण. बातमीला कुठला लागतो? तुम्हाला माहितीय.

डिसेंबर २०१९ मध्ये याच यार्डात कांदा क्विंटलला २०,००० रुपयांपर्यंत गेला होता. बातमी खरीच होती, पावती होती, भाव निघाला होता. पण तसा भाव निवडक वकलांना मिळतो, सगळ्या यार्डाला नाही, आणि टीव्हीवर पट्टी चालली 'कांदा २०० रुपये किलो', आणि मुंबई-पुण्यात बसून बघणाऱ्याला वाटलं की सोलापूरचा शेतकरी आता बंगला बांधणार.

याच यार्डातली दुसरी गोष्ट फेब्रुवारी २०२३ ची. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा आणला, भाव मिळाला किलोला १ रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन पट्टी, म्हणजे हिशेबाची पावती, आली २ रुपये ४९ पैशांची, आणि हातात २ रुपयांचा चेक, तोसुद्धा पुढच्या तारखेचा. तो चेक देशभर दाखवला गेला, दाखवायलाच पाहिजे होता. आडत्याचं म्हणणं होतं की हा माल हलक्या प्रतीचा होता, ते किती ठिकाणी आलं? आलं तरी शेवटच्या ओळीत. आमचं मन शेतकऱ्याच्या बाजूचंच आहे, लपवायचं काय त्यात, पण २०,००० आणि २ या दोन आकड्यांच्या मध्ये जो हजारो शेतकरी उभा आहे, ज्याला रोज तो तिसरा, सर्वसाधारण भाव मिळतो, त्याची बातमी होत नाही. मोहोळहून आलेले एक काका आम्हाला म्हणाले, "तुम्ही लोक काय दाखवायलाव ओ टीव्हीवर, आमचा भाव कधी दिसला नाही बघा त्यात." पेपरात जास्तीचा भाव वाचून माल घेऊन येणारे पण खूप, मग आवक वाढते आणि भाव पडतो. असो.

(टू व्हीलर, डिकी, त्यात दोन बूम, म्हणजे चॅनेलचे माइक)

हे एका स्ट्रिंगरचं, म्हणजे चॅनेलला गावातून बातम्या पाठवणाऱ्याचं, ऑफिस. म्हणजे ही गाडीच. चेहरा नको म्हणाले, आवाज चालेल म्हणाले, नंतर आवाज पण नको म्हणाले, म्हणून त्यांचं म्हणणं आम्हीच सांगतो.

बातमी कशी जाते ते ऐका, कारण चूक कुठं शिरते ते तिथंच कळतं. सोलापुरात काहीतरी घडतं. सगळ्यात आधी ते पत्रकारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतं, कोण टाकतं, कुणाकडून आलं, बघायला वेळ नसतो. मुंबईच्या असाइनमेंट डेस्कवरून फोन येतो, "दुसऱ्या चॅनेलला लागलंय, आपल्याकडं का नाही?" हा प्रश्न लक्षात ठेवा. खरं आहे का, असं विचारत नाहीत, आपल्याकडं का नाही असं विचारतात. मग दोन ओळींचा फ्लॅश जातो, मग फोनो, म्हणजे रिपोर्टर फोनवरून बोलतो आणि स्क्रीनवर त्याचा जुना फोटो दिसतो. मग व्हिज्युअल पाठव, बाईट म्हणजे कुणाचं तरी बोलणं पाठव, वॉकथ्रू म्हणजे जागेवर चालत-बोलत कॅमेऱ्याला दाखव. स्ट्रिंगरला पगार नाही, बातमीमागे पैसे. न लागलेल्या बातमीचे शून्य. आता तुम्ही सांगा, तासभर थांबून पोलीस ठाण्यात जाऊन विचारून बातमी देणारा माणूस महिन्याच्या शेवटी काय खाणार? आणि फ्लॅश चुकला तर तो हळूच खाली उतरवतात, त्याच्या जागी दुसरा चढतो. चुकीचा होता असं कुणी सांगत नाही. अँकर तर नाहीच नाही.

आम्ही विचारलं, खुलासा कधी पाठवलाय का? म्हणाले, पाठवला होता. लागला नाही. आणि न लागलेल्या बातमीचे पैसे नाहीत हे मघाशी सांगितलंच.

(उजनी, गेटमधून पाणी)

हा शॉट बघा, हा रोजच बघावासा वाटतो. उजनी धरण, भीमेवर. पावसाळ्यात दरवाजे उघडले की प्रत्येक चॅनेलवर हेच दिसतं आणि खाली ओळ येते, 'उजनी १०० टक्के, सोलापूरकरांची पाण्याची चिंता मिटली'. दरवर्षी मिटते. इतक्या वेळा मिटलीय की आता शिल्लक राहायला नको होती.

जरा आकडे घेऊ, कारण इथं गडबड आकड्यांचीच आहे. उजनीत एकूण पाणी मावतं साधारण ११७ टीएमसी, एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. त्यातलं जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं, आपोआप बाहेर न येणारं पाणी, आणि वरचं ५३ च्या आसपास उपयुक्त. टक्केवारी काढतात ती फक्त वरच्या उपयुक्त साठ्याची. म्हणून तो संपला की उजनी शून्यावर येते आणि तिथून पुढं उणे मोजायला लागतात. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ५० च्याही खाली गेली होती. बाहेरच्या चॅनेलवाल्यानं 'उणे' ऐकलं की त्याला वाटतं धरणात खडखडाट. उणे ५० ला सुद्धा धरणात ३६-३७ टीएमसी पाणी असतं ओ! महाराष्ट्रातली कितीतरी धरणं काठोकाठ भरली तरी एवढी होत नाहीत. ते पाणी उचलायला तिबार पंपिंग, म्हणजे तीन टप्प्यांत उपसा, लागतो, शेतीला कालव्यातून सुटणारं आवर्तन बंद होतं, हा खरा त्रास आहे आणि तो मोठा आहे, पण 'धरण आटलं' आणि 'धरणात पाणी आहे पण उचलता येत नाही' यात फरक आहे. पहिल्यात दोष पावसाचा. दुसऱ्यात माणसांना प्रश्न विचारावे लागतात.

आणि भरल्यावरची बातमी? शहराचं पाणी येतं उजनीच्या पाइपलाइनमधून, भीमेवरच्या टाकळीवरून आणि थोडं हिप्परग्याच्या तलावातून. उजनी इथून शंभर किलोमीटरपेक्षा लांब. मध्ये पाइप, पंप, वीज, टाक्या, गळती. धरण भरलेलं असताना, अगदी दरवाजातून पाणी सोडलेलं असताना, सोलापुरात नळाला चार-चार दिवसांनी पाणी आल्याचं आम्ही सगळ्यांनी पाहिलंय, ज्यांना पटत नाही त्यांनी शहराच्या जुळे सोलापूर भागात कुठल्याही घरी जाऊन पिंप मोजावेत.

(पिंपांचा शॉट, गल्ली)

ही पिंपं. निळी, निळी, एक काळं, परत निळी. झाकणावर दगड. या ताईंना आम्ही 'चिंता मिटली'ची ती क्लिप मोबाईलवर दाखवली. त्या हसल्या. पुढं काही बोलल्या नाहीत, कारण पाणी आलं होतं.

(हुतात्मा चौक, चार पुतळे)

हे चार हुतात्मे. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. १९३० साली इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लावला आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी दिली. हे सगळ्यांना पाठ आहे. पण यातले कुर्बान हुसेन पेपर चालवायचे, 'गझनफर' नावाचा, हे किती जणांना माहितीय? म्हणजे या चौकात एक संपादक पण उभा आहे. इथून रोज पेपरच्या गाड्या जातात.

आता सोलापूरच्या बाहेर जाऊ, थोडक्यात, कारण हे शूटिंग आमचं नाही, नुसते स्क्रीनशॉट आहेत. नोव्हेंबर २०१६, दोन हजाराच्या नोटेत चिप आहे, जमिनीखाली गाडली तरी सॅटेलाइटला दिसणार. रिझर्व्ह बँकेनं नोटेची जी वैशिष्ट्यं जाहीर केली त्यात चिपचं नावही नव्हतं, तरी नॅशनल चॅनेलवर ग्राफिक्स फिरत होते. मे २०२३ मध्ये नोट चलनातून काढून घ्यायचं ठरलं, चिपचा खुलासा राहून गेला. २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूतच्या नावानं खोटी ट्वीट्स दाखवली म्हणून 'आज तक'ला १ लाख रुपये दंड झाला आणि माफी मागायला सांगितलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर धर्मेंद्र गेल्याची बातमीच चालवली, श्रद्धांजलीची गाणी सुरू, इकडं हेमा मालिनी आणि ईशा सांगतायत की ते उपचार घेतायत. ते गेले २४ नोव्हेंबरला, म्हणजे जवळपास दोन आठवड्यांनी. आपल्याकडं रिक्षा स्टँडवर पण कुणी गेल्याचं सांगण्याआधी माणूस घरी फोन करून विचारतो.

मार्च २०२० चं तबलीगी प्रकरण, म्हणजे दिल्लीतल्या तबलीगी जमातच्या मेळाव्यावर कोरोना पसरवल्याचा ठपका ठेवला ते, वेगळं सांगितलं पाहिजे. महिनाभर चॅनेल्सनी काय दाखवलं ते आठवत असेल. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि निकालात लिहिलं की प्रिंट आणि इलेक्ट्रॉनिक मीडियात मोठा प्रोपगंडा झाला, या लोकांना बळीचा बकरा केलं गेलं. कोर्टानं लिहिलंय हे, आम्ही नाही. निकालाची बातमी आली का? आली. महिनाभर रोज रात्री नऊ वाजता आली का? गल्लोगल्ली भाजी-फळं विकणाऱ्या मुसलमानांचं त्या दिवसांत काय झालं, त्याचं फुटेज आमच्याकडं नाही. मे २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरमधल्या पूंछला पाकिस्तानी गोळीबारात एक शिक्षक मारले गेले, काही चॅनेल्सनी त्यांनाच अतिरेकी ठरवलं, पोलिसांना खुलासा करावा लागला, पुढं तिथल्या कोर्टानं गुन्हा नोंदवायचा आदेश दिला.

(टेबल, चष्मा, पेपर, स्केल)

हे सर निवृत्त आहेत, गणित शिकवायचे. नाव नको. त्यांच्या हातात फूटपट्टी आहे ती उगीच नाही. बातमी पहिल्या पानावर आली, ती मोजली, सहा कॉलम. तिचाच खुलासा आला आठव्या दिवशी आतल्या पानावर, निविदा आणि जाहीर नोटिशीच्या मध्ये. पट्टी लावली, साडेचार सेंटिमीटर. 'नजरचुकीने' या शब्दानं सुरुवात. आणि मूळ बातमीत काय चुकलं होतं ते त्यात लिहिलेलंच नाही, म्हणजे ज्यानं पहिली वाचली नाही त्याला खुलासा कळणार नाही आणि ज्यानं वाचली त्याला सापडणार नाही. सर म्हणाले, "आमच्या वेळेला फळ्यावर चुकलं की फळ्यावरच पुसायचो."

सर तक्रारी करतात. प्रक्रिया नीट समजून घ्या, कुणी सांगत नाही. पेपरची तक्रार असेल तर आधी संपादकाला पत्र. त्यानं दाद दिली नाही तर प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया, दैनिकासाठी बातमी आल्यापासून दोन महिन्यांच्या आत. कौन्सिल काय करू शकतं? ताकीद देऊ शकतं, कानउघाडणी करू शकतं. दंड नाही, शिक्षा नाही. १९७८ चा कायदा आहे, आणि तो टीव्हीला लागूच नाही. टीव्हीसाठी एनबीडीएसए, म्हणजे न्यूज ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल स्टँडर्ड्स ऑथॉरिटी, ही चॅनेल्सनी स्वतःच काढलेली संस्था, तीही जे चॅनेल सभासद आहेत त्यांच्यापुरतीच. तिथं आधी चॅनेललाच लिहायचं, कार्यक्रम दाखवल्यापासून सात दिवसांत. सात दिवस! आठव्या दिवशी तुम्हाला कळलं की खोटं होतं, तर गेलं. चॅनेलनं कामाच्या सात दिवसांत उत्तर द्यायचं, ते पटलं नाही तर पुढच्या चौदा दिवसांत एनबीडीएसएकडं. ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानंच विचारलं होतं की लाखभराच्या दंडानं चॅनेलला काय फरक पडतो.

सरांची एक तक्रार उजनीच्या टक्केवारीवरची आहे. सोबत धरणाच्या साठ्याचा तक्ता जोडलाय, लाल पेनानं उपयुक्त आणि मृत असे दोन रकाने रंगवलेत. मागणी एकच ओळीची: ज्या वेळेला आणि जेवढ्या अक्षरात चूक दाखवली, त्याच वेळेला तेवढ्याच अक्षरात दुरुस्ती दाखवा. हा व्हिडिओ एडिट होईपर्यंत उत्तर नव्हतं. आलं तर याच व्हिडिओच्या पहिल्या मिनिटात लावू, खाली डिस्क्रिप्शनमध्ये नाही. आमचा एखादा आकडा चुकलेला दिसला तर कळवा, तीही दुरुस्ती तिथंच येईल, कांद्याच्या ड्रोन शॉटच्या आधी.