रेघ सापडेपर्यंत

(पडदा पांढरा. पेन्सिलीची करकर. हळूहळू कागद दिसू लागतो.)

आधी हा कागद बघा. पेन्सिलीनं नुसता धुडगूस घातलाय. धावणाऱ्या पोराचे पाय मोजायला गेलात तर चुकाल. एक पाय उचललाय, तो पटला नाही म्हणून त्याच्यावरच दुसरा काढलाय, मग तिसरा, थोडा जास्त वाकलेला. हनुवटीचंही तेच. पेन्सिल काही ठिकाणी इतकी दाबलीय की कागद फाटायच्या बेताला आलाय.

आता हीच चौकट छापून आलेली.

(चौकट बदलते. रंगीत पान.)

एकच रेघ, सगळीकडे जवळपास सारख्या जाडीची. कुठे सावली नाही, छटा नाहीत. सपाट रंग, कपाळावर उभी बट, शेजारी पांढरं कुत्रं. टिनटिन, चित्रकथांमधला धाडसी बातमीदार.

दोन्ही कागद एकाच माणसाच्या हातचे. त्याचं नाव जॉर्ज रेमी. जन्म २२ मे १९०७, ब्रसेल्सला चिकटून असलेल्या एटरबेकमध्ये. नावाची आद्याक्षरं त्यानं उलटी केली, आर आणि जी. फ्रेंचमध्ये त्यांचा उच्चार होतो एर-जे. म्हणून एर्जे. आपल्याकडे वाचनालयातल्या, कोपरे झिजलेल्या इंग्रजी प्रतींवर ज्यांचा पिंड पोसला, त्यांच्यातले कित्येक जण हे नाव वर्षानुवर्षं ‘हर्ज’ असंच वाचत आले. मीही त्यांतलाच.

त्याच्या शैलीला पुढे ‘लीन्य क्लेअर’ असं नाव पडलं, म्हणजे स्वच्छ रेघ. ते नाव त्यानं दिलेलं नाही. योस्त स्वार्टे नावाच्या डच चित्रकारानं १९७७ मध्ये ते पुढे आणलं. नाव नेमकं आहे, पण त्यामुळे एक गैरसमजही पसरला. लोकांना वाटलं, या माणसाचा हात मुळातच स्वच्छ असणार. बसला आणि काढलं. तो स्वतः मुलाखतींत वेगळंच सांगायचा. आपण चिडून काढतो, खोडतो, पुन्हा गिरवतो, हट्टाला पेटतो, असं.

(टेबल. ट्रेसिंग पेपर, टाक, दौत.)

मग त्या गुंत्यातून ही रेघ यायची कुठून? पेन्सिलीचं पान भरलं की त्यावर ट्रेसिंग पेपर. खालच्या दहा रेघांपैकी सगळ्यात बोलकी, सगळ्यात जिवंत कुठली, ती शोधायची आणि तेवढीच वर उतरवायची. बाकीच्या नऊ खालीच राहतात. ही निवडलेली रेघ मग दुसऱ्या जाड कागदावर जाते, तिथे तिच्यावर शाई चढते. आपण लहानपणी पाटीवर अक्षरं गिरवली ती दुसऱ्यानं काढून दिलेली होती. इथे माणूस स्वतःचीच अक्षरं गिरवतो, फक्त दहांतलं कुठलं आपलं ते आधी ओळखावं लागतं.

रंग मूळ चित्रावर लागतच नाहीत. शाईचं चित्र फिक्या रेषेत वेगळ्या कागदावर छापून घेतात, त्यावर जलरंग भरतात आणि काळी रेघ पारदर्शक फिल्मवर निराळी ठेवतात. छपाईत दोन्ही एकावर एक बसतात. अशी ६२ पानं झाली की एक पुस्तक.

एक चौकट मात्र थांबून बघायलाच हवी.

(वाळवंट. बंदूक उगारून ओरडत धावणारा दाढीवाला कॅप्टन.)

‘द क्रॅब विथ द गोल्डन क्लॉज’. टिनटिनचा मित्र कॅप्टन हॅडॉक, त्याची दारूची बाटली गोळीनं फुटलीय आणि तो पिसाळून हल्लेखोरांच्या अंगावर धावून गेलाय. ते पळतायत. नीट बघा. एक जण अजून जमिनीवर पडलेला, दुसरा उठतोय, तिसरा उठून वळलाय, चौथा पार लांब पळालाय. माणसं वेगवेगळी, पण हालचाल एकच. सिनेमाच्या फितीतले चार तुकडे एकाच चौकटीत मांडून ठेवावेत तसं. एर्जेला स्वतःची म्हणून आवडलेली जी एकदोन चित्रं होती, त्यांतलं हे एक. आणि हे बघताना आपल्याला यातलं काहीच जाणवत नाही. आपण हसतो आणि पान उलटतो.

(जुनी वर्तमानपत्रं.)

सुरुवात साधीच होती. बालवीर पथकात हुंदडणारा पोरगा, पथकातलं त्याचं नाव ‘जिज्ञासू कोल्हा’. बालवीरांच्याच मासिकात १९२६ मध्ये त्याचं पहिलं सचित्र पात्र आलं. ‘ल व्हँतियेम सिएक्ल’ या कट्टर कॅथलिक दैनिकात नोकरी आणि पुढे तिथल्याच मुलांच्या पुरवणीची जबाबदारी. १० जानेवारी १९२९ ला टिनटिन रशियाला निघाला. पुढचं पान कसं असेल, हे त्या आठवड्यात चित्रकारालाही ठाऊक नसायचं.

डोळ्यांसमोर कोण होतं? फ्रान्सचा आलँ सँतोगाँ, ज्याच्या ‘झिग ए प्यूस’मध्ये पात्रांचे संवाद फुग्यांत असायचे. त्याला भेटायला हा १९३१ मध्ये मुद्दाम गेला होता. बेंजामँ राबिए, ज्याच्या प्राण्यांच्या बाह्यरेषा ठसठशीत आणि रंग सपाट. आणि अमेरिकेचा जॉर्ज मॅकमॅनस. त्याच्या पात्रांच्या नाकांवर आपण लुब्ध होतो, हे एर्जेनं मोकळेपणानं कबूल केलंय. नाकं उचलली त्यानं, सरळ.

याच काळातली काँगोवरची कथा आज उघडली की वाचवत नाही. तिथल्या माणसांचं चित्रण वसाहतवाल्या साहेबाच्या नजरेतून केलेलं आहे, आणि ती नजर घरबसल्या उसनी घेतलेली. त्यानं पुढे ते मान्य केलं, १९४६ मध्ये पुस्तक नव्यानंही काढलं. पण नव्या आवृत्तीतही मूळ गोष्ट तीच राहिली.

(ब्रश. शाई. भाताच्या पेंढ्याचा पातळ कागद.)

मे १९३४. टिनटिन आता चीनला जाणार, अशी घोषणा झालीय. एका पाद्र्यानं एर्जेला बजावलं, लिहिण्याआधी जरा माहिती करून घ्या. चिनी विद्यार्थी हे वाचतात. त्यानंच ओळख करून दिली एका तरुणाशी. झांग चोंगरेन. शांघायचा, ब्रसेल्सच्या कला अकादमीत शिल्पकला शिकत असलेला. दोघंही १९०७ चेच.

झांग घरी येऊ लागला. गप्पा व्हायच्या. त्यानं एर्जेच्या हातात ब्रश दिला. टाकाची रेघ ओढून न्यावी लागते, ब्रशची रेघ सोडावी लागते, हा फरक सांगून कळत नाही. मनगटाला कळावा लागतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मंचुरियात जपान काय करतोय, रेल्वेमार्गावरच्या स्फोटाचं निमित्त करून देश कसा गिळला जातोय, हे युरोपच्या वर्तमानपत्रांबाहेरचं त्यानं सांगितलं. ‘द ब्लू लोटस’मध्ये ते सगळं आलं.

आणि भिंती. त्या पुस्तकातल्या भिंतींवरची चिनी अक्षरं आपल्याला नक्षी वाटतात. ती झांगनं लिहिलीयत आणि ती बोलतात. साम्राज्यवाद मुर्दाबाद. जपानी मालावर बहिष्कार. बेल्जियममधल्या हजारो मुलांनी ती पानं वाचली आणि त्यांच्या नाकासमोर काय लिहिलंय हे त्यांना कळलं नाही. स्वदेशीच्या घोषणा ऐकत वाढलेल्या आपल्या आजोबांना कुणी त्या वाचून दाखवल्या असत्या, तर त्यांना बरोबर कळल्या असत्या.

झांग चीनला परतला. युद्ध, क्रांती. संपर्क तुटला.

युद्धाचं थोडक्यात सांगतो, पण टाळत नाही. ब्रसेल्स जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर १९४० पासून एर्जे त्यांच्या नियंत्रणाखालच्या ‘ल स्वार’ या दैनिकात टिनटिन काढत राहिला. त्या काळातल्या उल्केच्या कथेत ज्यू माणसाचं विद्रूप चित्र आहे. १९४४ मध्ये शहर मुक्त झाल्यावर त्याला अटक झाली, काही काळ काम बंद पडलं. त्याची बाजू घेणारे म्हणतात, तो फक्त चित्रं काढत होता. ते खरं आहे आणि पुरेसं नाही.

(स्टुडिओ. फायलींची कपाटं.)

१९५० मध्ये त्यानं स्टुडिओ काढला. पुढे तो ब्रसेल्सच्या अव्हेन्यू लुईझवर आला. आता माणसं हाताशी होती. पात्रं एर्जे काढणार. पार्श्वभूमी, जहाजं, यंत्रं बॉब दे मोर. विमानं आणि गाड्यांत रोजे लूलूचा हात धरणारा नव्हता. कात्रणांच्या फायली वाढत होत्या. एखादी पोज जमेना, की खोलीतला कुणीतरी उठून टेबलावर चढायचा किंवा जमिनीवर आडवा व्हायचा आणि दुसरा त्याला बघून काढायचा. बाहेरून कुणी डोकावलं असतं तर वाटलं असतं, नाटकाची तालीम चाललीय.

चंद्रावरच्या कथेसाठी रॉकेटची प्रतिकृती करून घेतली, आतले मजले उघडून दिसतील अशी. कोण कुठल्या मजल्यावर उभा आहे, यात चूक नको. ही पुस्तकं १९५३ आणि १९५४ ची. माणूस चंद्रावर उतरायला अजून दीड दशक होतं.

पण या अचूकपणाचा कहर झाला तो दुसऱ्याच पुस्तकात. ‘द ब्लॅक आयलंड’ इंग्रजीत आणताना ब्रिटिश प्रकाशकानं चुकांची यादी पाठवली, एकूण १३१. मग बॉब दे मोर वही घेऊन ब्रिटनला गेला, बघून बघून टिपणं काढली आणि अख्खं पुस्तक नव्यानं काढलं गेलं. गंमत अशी, की जुन्या आवृत्तीत जो भाबडा वेग आहे, तो नव्यात कमी झालाय. १३१ चुकांसकट मला जुनीच आवडते.

(बर्फ. नुसतं पांढरं.)

१९५८. एर्जेचं लग्न मोडकळीला आलंय. स्टुडिओत रंग भरणाऱ्या फॅनीवर त्याचं प्रेम आहे आणि कॅथलिक संस्कार त्याला झोपू देत नाहीत. स्वप्नं पडतायत, सगळी पांढरी. एका मनोऱ्यात वाळलेली पानं गळतायत, एका कोनाड्यात पांढरा सांगाडा उभा आहे, तो झडप घालतो आणि भोवतालचं सगळं पांढरं होऊन जातं. झुरिकच्या मानसोपचारतज्ज्ञानं सांगितलं, काम थांबवा.

त्यानं काम थांबवलं नाही. पांढरं काढायला घेतलं. ‘टिनटिन इन तिबेट’मध्ये खलनायक नाही, पिस्तूल नाही, कट नाही. विमान कोसळलंय, सगळे म्हणतात मित्र गेला, आणि टिनटिन एकटाच म्हणतो की तो आहे. त्या मित्राचं नाव चँग, झांगवरूनच घेतलेलं. खरा झांग कुठे आहे, जिवंत आहे की नाही, हे तेव्हा एर्जेला माहीत नव्हतं.

झांगचा पत्ता लागायला सत्तरीचं दशक उजाडलं. १८ मार्च १९८१ ला तो ब्रसेल्सच्या विमानतळावर उतरला. कॅमेऱ्यांची ही गर्दी. आजारी एर्जे आणि त्याला मिठी मारणारा त्याचा मित्र, दोघंही सत्तरी ओलांडलेले.

(रंगीत अमूर्त कॅनव्हास.)

दरम्यान पुस्तकांमधलं अंतर वाढत चाललं होतं. शेवटची दोन पूर्ण पुस्तकं, त्यांच्यामध्ये आठ वर्षं. एर्जेला आता चित्रांचं वेड लागलं होतं, दुसऱ्यांच्या. फोंताना, लिख्टेनस्टाइन भिंतीवर आले. साठीच्या दशकात त्यानं अमूर्त चित्रकार लुई व्हान लिंटकडे रीतसर धडे घेतले, स्वतः कॅनव्हास रंगवले आणि गुपचूप सोडून दिले. १९७७ मध्ये अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलनं त्याची पोर्ट्रेटं केली.

आणि मग हे वेडच कथेत शिरलं.

(पुन्हा पेन्सिलीचे कागद.)

‘टिनटिन अँड आल्फ-आर्ट’. कास्ताफिओरे ही ऑपेरा गायिका, म्हणजे गाणारं वादळच, रस्त्यात दिसलं म्हणून कॅप्टन हॅडॉक समोरच्या कलादालनात घुसतो आणि बाहेर येतो तो प्लेक्सिग्लासचं भलंमोठं ‘एच’ अक्षर विकत घेऊन. त्याचा उपयोग काय, असं घरी विचारतात. उत्तर त्याच्याकडेही नाही. पुढे बनावट चित्रांचा धंदा, एक भोंदू गुरू, इटलीतलं बेट.

सुरुवातीच्या पानांवर पात्रं भरीव आहेत, चेहऱ्यांवर भाव आहेत. पुढे सरकलं की माणसं बारीक होत जातात. मग डोकं म्हणजे एक गोल, हात म्हणजे एक फराटा, बाजूला घाईच्या अक्षरात संवाद. ट्रेसिंग पेपर यांच्यावर कधी पडलाच नाही. दहाच्या दहा रेघा आहेत तिथेच आहेत.

३ मार्च १९८३ ला एर्जे गेला. दुसऱ्यानं काढलं तर तो टिनटिन राहणार नाही, असं तो सांगून गेला होता. बॉब दे मोरची फार इच्छा होती हे पुस्तक पुरं करण्याची. हात तयार होता, तीस वर्षांचा सराव होता. फॅनी आता एर्जेची विधवा होती, तिनं शेवटी नाही म्हटलं. १९८६ मध्ये ही ४२ पानं होती तशीच छापली गेली.

बेचाळिसावं पान. टिनटिन पकडला गेलाय. खलनायकाचा बेत असा, की त्याच्यावर पातळ पॉलिएस्टर ओतायचं, तो आत घट्ट बसला की फ्रेंच शिल्पकार सेझारची कलाकृती म्हणून खपवायचा. जिवंत पोराचं शिल्प.

(कॅमेरा शेवटच्या चौकटीवर. संगीत नाही.)

मागे पिस्तूल रोखलेला माणूस. पुढे टिनटिन, चालायला निघालेला. घाईत काढलेलं, बोटभर चित्र. तरी बट ओळखू येते. त्यातली कुठली रेघ ठेवायची, ते अजून ठरायचं होतं.